ड्रग टेस्ट घेताय? मग निदान या चुका तरी टाळा

चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत सॅम्पल घ्यायला जातोय त्याला आता बारा वर्षं झाली. कामगारांची अचानक ड्रग टेस्ट घ्यायची असं कुठल्यातरी मीटिंगमध्ये ठरतं, ऑनलाइन किट येतात, आणि चौथ्या दिवशी मला फोन येतो, "जरा गोंधळ झालाय, येता का?" गोंधळ दरवेळी तोच असतो.

पहिला म्हणजे पट्टी उलटी वाचणं. प्रेग्नन्सी टेस्टची सवय डोक्यात बसलेली, त्यामुळे दोन रेघा दिसल्या की ‘सापडला!’ इथे बरोब्बर उलटं असतं. लघवीत नशेचा पदार्थ असेल तर ‘टी’ची, म्हणजे टेस्टची रेघ उमटतच नाही. रेघ फिकट आली तरी ती रेघच, म्हणजे निगेटिव्ह. मोबाइलचा टॉर्च मारून ‘थोडासा पॉझिटिव्ह आहे’ म्हणणारे सेफ्टी ऑफिसर मी पाहिलेत. आणि ‘सी’ची, म्हणजे किट नीट चालतंय हे सांगणारी रेघ आली नाही तर ते किट सरळ कचऱ्यात टाका, दुसरं फोडा. किटसोबतचा कागद वाचायला पाच मिनिटं लागतात, पण ती कोणाकडेच नसतात.

आता अनारशांची गोष्ट. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. एका कारखान्यात पन्नाशीचा फोर्कलिफ्ट ऑपरेटर अफूच्या रकान्यात पॉझिटिव्ह आला. नवीन सेफ्टी ऑफिसरने त्याच संध्याकाळी त्याचं गेटपास काढून घेतलं. मी पोचलो तेव्हा काका गेटबाहेरच्या टपरीवर बसलेले. म्हणाले, "साहेब, मी बिडीसुद्धा ओढत नाही हो." मी विचारलं, "काका, दिवाळीत काय काय खाल्लंत?" तर घरून भरभरून खसखस लावलेले अनारसे आले होते आणि दोन दिवस डब्यातही तेच.

खसखस अफूच्याच बोंडातली. दाण्यांना बोंडाचा चीक लागलेला असतो, म्हणून त्यातून थोडं मॉर्फिन पोटात जातं. नशा होत नाही, पण लघवीत दिसतं. म्हणजे पट्टी खोटं बोलली नव्हती, तिला फक्त फार थोड्यावरच आरडाओरडा करायला शिकवलेलं होतं. ते किट 300 नॅनोग्रॅमचं होतं, म्हणजे एक मिलिलिटर लघवीत एवढं सापडलं की ते पॉझिटिव्ह दाखवायचं. अमेरिकेच्या सरकारी नियमांत अफूच्या पहिल्या चाचणीची ही मर्यादा 1998 साली 300 वरून 2000 वर नेली, ती याच खसखशीपायी. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो. (दुबईला जाणाऱ्याला घरची मंडळी खसखस नेऊ नको म्हणून बजावतात, कारण तिथे ती बंदच आहे. कारखान्यात मात्र कोणाला आठवत नाही.)

सॅम्पल लॅबला पाठवलं, तिथे मशीनवर मॉर्फिन मोजलं, ते 2000 च्या बरंच खाली निघालं. पण रिपोर्ट येईपर्यंत नऊ दिवस गेले आणि तोवर ‘अफू खातो’ हे सगळ्या शिफ्टला माहीत झालेलं. काका कामावर परतले, पण जेवायला कँटीनमध्ये येईनासे झाले.

म्हणून माझा हट्ट असतो: पट्टी फक्त संशय दाखवते. निर्णय लॅबच्या रिपोर्टवर आणि डॉक्टरने माणसाशी बोलल्यावर. औषधांची चौकशीही डॉक्टरनेच, दार लावून करायची. कोडीनचं खोकल्याचं औषध अफूत दिसतं, सर्दीच्या काही गोळ्या अँफेटामिनच्या (उत्तेजक नशेच्या) पट्टीला फसवतात. गोळ्या कसल्या चालू आहेत हे सुपरवायझरसमोर कोण सांगेल? तोवर माणसाला मशीनवरून उतरवून दुसरं काम द्या, पगार कापू नका. याला वेळ लागतो हे मला मान्य आहे. ज्यांना दहा मिनिटांत निकाल हवाय त्यांनी हा उद्योगच करू नये.

बाकीच्या चुका किरकोळ दिसतात, पण त्यांच्यापायीच सॅम्पल रद्द होतात. कपावरची तापमानाची पट्टी चार मिनिटांच्या आत बघा, 32 ते 38 अंश हवं, म्हणजे सॅम्पल ताजं आहे. सॅम्पलमध्ये कोणी पाणी मिसळू नये म्हणून संडासातल्या पाण्यात निळा रंग टाका आणि नळ बंद ठेवा. लघवी होत नाही म्हणून बाटल्यामागून बाटल्या पाणी पाजू नका. सॅम्पल इतकं पातळ होतं की क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा घटक) डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली जातं आणि सगळं पुन्हा. बाटलीचं सील त्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावा, सही तेव्हाच घ्या. सकाळीच वीस फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणारे लोक कोर्टात काय सांगणार आहेत देव जाणे. होळीला भांग घेतलेला माणूस काही दिवसांनीही पॉझिटिव्ह येऊ शकतो. लघवीवरून तो आत्ता तर्र आहे की नाही ते कळत नाही.

आणि रँडम म्हणजे रँडम. ‘तो लाल डोळेवाला घ्या’ ही संशयावरून केलेली टेस्ट झाली, तिचे कागद वेगळे. विमान वाहतूक महासंचालनालयाचा 31 जानेवारी 2022 पासूनचा नियम बघा: वर्षाला किमान 10 टक्के वैमानिक आणि हवाई नियंत्रकांची टेस्ट, तीही अचानक. आपल्याकडे आदल्या रात्रीच व्हॉट्सअॅपवर यादी फिरते आणि सकाळी निम्म्यांना ताप येतो. मी चिठ्ठ्या त्याच सकाळी, युनियनच्या माणसासमोर काढतो. निघालेलं नाव परत डब्यात टाकतो, नाहीतर ‘माझं झालं’ म्हणून माणूस वर्षभर निर्धास्त.

त्या डब्यात साहेबांचीही नावं लागतात. एका कारखान्यात मी हे सांगितल्यावर एचआरवाली मॅडम गप्पच झाली. तिसरीच चिठ्ठी प्लँट हेडची निघाली. ते आले, खिसे रिकामे करून चष्म्याच्या डबीसकट सगळं टेबलावर ठेवलं, आणि रांगेतल्या हेल्परला म्हणाले, "आधी तू जा, मला वेळ लागतो."