हिवा ओआ दिसायला दोन दिवस राहिलेत? मग हे आत्ताच उरकून घ्या

गालापागोसवरून शिडाच्या बोटीने फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपैकी हिवा ओआकडे येताना जवळपास तीन हजार सागरी मैल आलं की सगळ्यांना वाटतं पोचलोच आता, आणि ढिलाई नेमकी तिथेच येते, थकलेल्या माणसाला बंदरात शिरताना काही सुचत नाही, म्हणून जमीन दिसायच्या आधीच तयारी करा. पहिलं इंजिन. ट्रेड विंडवर (इथे कायम एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यावर) येताना ते फक्त बॅटरी चार्ज करायला लावलं असेल तर खुल्या समुद्रातच गियर टाकून बघा, रिव्हर्ससुद्धा, आणि कूलिंगचं पाणी बाहेर पडतंय ना तेही.

मग नांगर. साखळी काढून डेकवरचं भोक बंद केलं असेल तर ती परत जोडा, शॅकलची (साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधा. आणि मागचा दुसरा नांगर, दोरासकट, हाताशी पाहिजे म्हणजे पाहिजेच! हिवा ओआवरच्या आटुओना गावाजवळची टाहाउकू खाडी छोटी, समुद्राची लाट आत येते, तिथे बोटी पुढे-मागे दोन नांगर टाकून उभ्या असतात, तुम्ही एकाच नांगरावर गोल फिरलात तर सरळ शेजाऱ्याच्या अंगावर जाल. अरानुई हे मालवाहू जहाज पण तिथेच लागतं, त्याला वळायला जागा सोडा.

रात्री शिरू नका, प्लीज. बेट उंच आहे, लांबून दिसतं, मोह होतो, पण आदल्या दिवशीच शिडं कमी करून वेग असा ठेवा की सकाळच्या उजेडात पोचाल, नाहीच जमलं तर बाहेर हीव्ह-टू करून (शिडं आणि सुकाणू असे लावून की बोट जवळपास जागीच राहील) थांबा आणि आळीपाळीने झोपा. अजून एक, गालापागोसला बंदरात शिरताना लाल बॉया उजवीकडे ठेवायचा, फ्रेंच पॉलिनेशियात डावीकडे, हे वॉचवरच्या (पहाऱ्यावरच्या) प्रत्येकाला सांगून ठेवा.

घड्याळ गालापागोसच्या वेळेपेक्षा साडेतीन तास मागे घ्या. हो, साडेतीनच, मार्केसासची वेळ ग्रीनिचच्या साडेनऊ तास मागे आहे, म्हणजे भारतापेक्षा बरोबर पंधरा तास मागे, आईला फोन लावताना लक्षात ठेवा.

फाटू हिवा हे शेजारचं बेट वाटेत मोहात पाडेल, पण नियमाने आधी देशात प्रवेशाची एन्ट्री, ती आटुओनाच्या जांदार्मरीत (फ्रेंच पोलीस ठाण्यात) होते. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा निघायच्या आधीच हातात हवा, समुद्रात काही करता येत नाही. पासपोर्ट, बोटीचे कागद, क्रूची यादी आणि आधीच्या बंदराचा क्लिअरन्स (निघायचा परवाना) एका वॉटरप्रूफ पिशवीत घाला, पिवळा क्यू झेंडा (एन्ट्री व्हायची आहे हे सांगणारा) आणि फ्रेंच झेंडा वर काढून ठेवा. उरलेली फळं-भाज्या संपवा, आतमध्ये न्यायला अडचण होते.

डिंगीत (किनाऱ्यावर न्यायच्या छोट्या रबरी होडीत) हवा भरून आउटबोर्ड, म्हणजे तिचं मागचं इंजिन, एकदा चालू करून बघा. गाव खाडीपासून चालत बरंच लांब आहे आणि इतके दिवस डेकवर काढल्यावर पाय लगेच साथ देत नाहीत, तेव्हा पाण्याची बाटली, टोपी आणि चांगले बूट घ्या. पैसे पॅसिफिक फ्रँकमध्ये लागतात. नोनो या चावणाऱ्या बारीक माश्यांसाठी रिपेलंट घ्या, चावल्या तर खाजवू नका, तिथल्या दमट हवेत जखम लवकर चिघळते.