नागपूरच्या वस्तीतली भीमजयंती: बैठकीपासून हिशेबापर्यंत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली नाही तर दोन गोष्टी हमखास होतात. बरा साउंडवाला दुसऱ्या वस्तीने आधीच ठरवलेला असतो, आणि जे भांडण विहारात व्हायला हवं होतं ते १४ एप्रिलला भर मिरवणुकीत, ट्रकच्या तोंडाशी होतं. साउंडवाला दुसरा मिळेल, पण रस्त्यावर झालेलं भांडण वर्षभर निस्तरत बसावं लागतं. म्हणून वाद टाळायच्या भानगडीत पडू नका. तो लवकर घाला, आणि रजिस्टरमध्ये लिहून घाला.

बैठक

जागा विहाराची, वेळ रविवारी संध्याकाळच्या वंदनेनंतरची. रात्री साडेनऊला चौकात पानठेल्यावर बैठक लावली की फक्त पोरं येतात, आणि तिथं ठरलेलं महिला मंडळ मानत नाही. त्यांचं बरोबरच असतं. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात बाबासाहेबांसमोर महिलांची स्वतंत्र परिषद झाली होती. अन् आज त्यांच्याकडे फक्त रांगोळी आणि स्वयंपाक सोपवायचा, हे शोभत नाही. कोषाध्यक्ष महिला मंडळाची ठेवा. हिशेब वेळेवर मिळतो, हा अनुभव बहुतेक वस्त्यांचा आहे.

तीन बैठका पुरतात. पहिलीत फक्त वाद आणि ठराव, दुसरीत पैसा आणि परवानग्या, तिसरीत कामांची वाटणी. प्रत्येक ठरावाखाली बाजूने किती, विरोधात किती, हे आकडे लिहा आणि सह्या घ्या. "सर्वानुमते" हा शब्द जपून वापरा. गप्प बसलेला माणूस सहमत धरला की तोच माणूस १३ तारखेला रात्री बोलू लागतो.

डीजे की प्रबोधन

हा दरवर्षीचा वाद, आणि दोन्ही बाजूंना तो खरा वाटतो. ज्येष्ठ म्हणतात, बाबासाहेबांनी पुस्तकं दिली अन् तुम्ही बॉक्स लावता. पोरं म्हणतात, ज्या रस्त्यावरून आपल्या आज्याला मान खाली घालून जावं लागत होतं, तिथून वर्षात एक दिवस वाजतगाजत गेलो तर कुणाचं काय जातं? या वादात एका बाजूला पूर्ण हरवू नका. हरलेली बाजू पुढच्या वर्षी दुसरं मंडळ काढते, अन् एका गल्लीत दोन मंडप उभे राहतात.

चालणारा मार्ग पैशातून जातो. बैठकीतच ठरवा की साउंडवर जेवढा खर्च, किमान तेवढाच पुस्तकं आणि अभ्यासावर. मग साउंडवाल्याचा आकडा वाढला की समोरचा आकडाही वाढतो, आणि घासाघीस पोरंच करतात. २०० घरांची वस्ती आणि घरटी २०० रुपये धरले तर ४०,००० होतात. त्यातले १४,००० भोजनदानाला, ८,००० साउंडला, ८,००० पुस्तकं-अभ्यासाला, ६,००० मंडप-विजेला आणि ४,००० हातात शिल्लक, अशी मांडणी साधारण बसते. शिल्लक ठेवाच. जनरेटरचं डिझेल कुणीच आधी धरत नाही.

कायद्याची बाजू सगळ्यांसमोर वाचून दाखवा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, ती यादी प्रशासन जाहीर करतं, तेव्हा त्या वर्षीची यादी पोलीस ठाण्यातून पाहून घ्या. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्राचा नियम लागतो. मार्गावर अशी ठिकाणं किती, हे मिरवणुकीच्या आधी पायी चालून मोजा आणि तिथं डीजे बंद करून लेझीम किंवा ढोल-ताशाही न वाजवता नुसत्या घोषणा देत जायचं ठरवा. बंद करायचं बटण कुणाच्या हाती, त्याचं नाव लिहा. "कुणीतरी सांगेल" असं ठेवलं की कुणीच सांगत नाही.

अभ्यासाच्या पैशातून सगळ्यात चांगला कार्यक्रम म्हणजे सलग १८ तास वाचन. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती असते; ११ ते १३ मधला एक दिवस धरा, सकाळी ६ ते रात्री १२. विहारात पंखे, प्रत्येकाला पुरेसा उजेड, दर तीन तासांनी दहा मिनिटं सुट्टी आणि दुपारी हलकं जेवण. दुपारी भरपेट जेवण दिलं की तीन वाजता अर्धा विहार झोपतो.

परवानग्या

पोलीस ठाण्यात मिरवणूक आणि ध्वनिक्षेपक यांचे अर्ज, वाहतूक शाखेला मार्गाचा नकाशा, महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात मंडपाचा अर्ज, महावितरणकडे तात्पुरती वीजजोडणी. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. ही बहुतेक मंडळं विसरतात. विजेसाठी खांबावर आकडा टाकू नका. जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोवर चोरीची माळ लुकलुकते, हे चांगलं दिसत नाही.

उत्तर नागपुरातून बाबासाहेबांचा पुतळा असलेल्या संविधान चौकात जायचं तर मार्ग सहसा इंदोरा, कडबी चौक, गड्डीगोदाम, एलआयसी चौक असा. ट्रकवर देखावा असेल तर जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतची उंची मोजा, आणि मार्गातल्या रेल्वे पुलाखालची उंची व वस्तीतल्या लोंबत्या तारा यांच्याशी ताडून पाहा. ट्रकवर उभं राहून झेंडा फिरवणाऱ्या पोराची उंची अधिक काठीची उंची, हे कुणीच मोजत नाही, आणि अपघात तिथंच होतो. धातूची काठी नको, बांबू घ्या.

बॅनर

छापायला देण्याआधी तिघांनी वाचायचा. जयंती कितवी, यावर दरवर्षी खल होतो. चालू सालातून १८९१ वजा करा, तोच आकडा. २०२६ ला १३५. पटत नसेल तर १९९१ ला जन्मशताब्दी झाली, हे आठवून मोजा. "बोधिसत्त्व" मध्ये दोन त आहेत. अशोकचक्रात २४ आरे असतात. संगणकावर चित्र काढणारा पोरगा घाईत २० काढून मोकळा होतो. पंचशील ध्वजाच्या उभ्या पट्ट्या काठीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारंगी अशा, आणि सहाव्या पट्टीत हेच पाच रंग आडवे. निळा काठीपासून दूर दिसला तर ध्वज उलटा लागला आहे.

घोषवाक्यावरही वाद होतो. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे सवयीचं आहे. पण जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेतल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात क्रम शिकण्याचा, मग चेतवण्याचा, मग संघटित होण्याचा आहे. आमचं मत विचाराल तर नागपूरकरांनी नागपुरात उच्चारलेला क्रम छापावा.

शुभेच्छुकांचे फोटो हा मुळात गटातटाचा प्रश्न. एका नेत्याचा फोटो आला की दुसरा गट वर्गणी थांबवतो, आणि फोटो लहान-मोठे झाले तरी तेच. एकच नियम टिकतो. बॅनरवर हयात माणसाचा फोटो नाही, मग त्याने ५० दिले असोत की ५०,०००. हा ठराव पहिल्याच बैठकीत करा. देणगी आल्यावर करता येत नाही.

वंदना

१४ ला सकाळी ७ ची वेळ धरा. आठनंतर ऊन चटके देऊ लागतं आणि लहान मुलं भोवळ येऊन पडतात. ध्वजारोहण, पुष्प-दीप-धूप, त्रिशरण, पंचशील, बुद्ध-धम्म-संघ वंदना, भीमस्तुती, धर्मांतरावेळी बाबासाहेबांनी दिलेल्या, जुने देव-विधी सोडायच्या २२ प्रतिज्ञा, शेवटी संविधानाची उद्देशिका. चाळीस मिनिटांत आटोपतं. नारळ फोडणं, आरती, कुंकवाचा टिळा आला की प्रतिज्ञा वाचणाऱ्यांनी कुठं पाहायचं? दारूचंही तसंच. ती न पिण्याचं पंचशीलात आहे, प्रतिज्ञेतही आहे. प्यालेला माणूस मिरवणुकीत दिसला तर समता सैनिक दलाच्या दोघा स्वयंसेवकांनी हाताला धरून घरी सोडायचा, रस्त्यात जाब विचारायचा नाही.

१३ च्या रात्री बाराला संविधान चौकात जायचं की नाही, आणि केक कापायचा की नाही, हे मताला टाका. केकला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा वाया जाण्याचा असतो. त्यावर तेवढ्याच पैशाच्या वह्या वाटणं हा तोडगा बहुतेकांना पटतो.

भोजनदान

१०० माणसांमागे मसालेभाताला ८ किलो तांदूळ, पोटभर वरण-भात असेल तर १० किलो तांदूळ आणि ५ किलो डाळ. सकाळी तर्री-पोहे द्यायचे तर ८ किलो जाड पोहे, ३ किलो हरभरे. मठ्ठ्याला ६ किलो दही आणि १४ लिटर पाणी. बर्फ भांड्यात टाकू नका, भांडं बर्फात ठेवा. बाजारातला लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.

खीर करायची तर वाढायच्या दोनच तास आधी चुलीवर चढवा. १० लिटर दूध, १ किलो तांदूळ, दीड किलो साखर, यात ६०-६५ वाट्या होतात. उकळत्या दुधात गूळ टाकला की फाटते, म्हणून साखरच बरी. सकाळी सहाला केलेली खीर एप्रिलच्या दुपारी आंबते, आणि गरम पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं तर आणखी लवकर.

बाबासाहेबांचं चित्र असलेल्या पत्रावळ्या, पेले, पाण्याच्या पिशव्या घेऊ नका. दुपारी तीनला ते सगळं नालीत पडलेलं असतं, अन् संध्याकाळी त्यावरून भांडण. पाच पोरांच्या हाती गोण्या देऊन जेवणाबरोबरच कचरा उचला. सफाई कामगारांच्या घरीही १४ एप्रिल असतो.

हिशेब

२१ एप्रिलच्या आत विहाराच्या भिंतीवर जमा-खर्च लावा, पावत्यांचे क्रमांक घालून. न फाटलेली पावतीपुस्तकं परत घ्या आणि त्यांचे क्रमांकही लिहा. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते एकट्या अध्यक्षाने ठरवायचं नाही. बुद्धपौर्णिमा थोड्याच दिवसांवर असते, तिची बैठक हिशेब लावायच्या दिवशीच लावून टाका.