मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं? या चुका टाळा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. वर्षभर कपाटात पडून असलेलं पिस्तूल मग घाईघाईत बाहेर निघतं, आणि जुनीच चूक नव्याने होते: आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची, मग मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं.

स्लाइड मागे ओढल्यावर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरातलं) काडतूस टुणकन बाहेर उडतं. गडी खूश. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून पुन्हा चेंबरमध्ये बसवते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ते आतच राहतं. मग ‘रिकामंच आहे’ हे दाखवायला चाप ओढला जातो. ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचा चाप मॅगझिनशिवाय चालत नाही. ग्लॉक आणि 1911 या पिस्तुलांचा बिनधास्त चालतो. त्यामुळे एका पिस्तुलावरची सवय दुसऱ्यावर घात करते.

क्रम एकच. नळी भिंतीकडे नव्हे, माती भरलेल्या बादलीकडे. बोट चापाबाहेर, फ्रेमवर सरळ. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड तीनदा पूर्ण ओढा. एकदा पुरते, पण तिनाची सवय बरी: मॅगझिन काढायचं विसरलात तर दुसरं काडतूस बाहेर पडताना दिसेल आणि भानावर याल. शेवटी स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. ‘मला माहितीय रिकामं आहे’ म्हणणाऱ्यांनी तर दोनदा.

रिव्हॉल्वरवाल्यांची चूक वेगळी. अभिनेता गोविंदाच्या पायात 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे स्वतःच्याच रिव्हॉल्वरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं सांगण्यात आलं. त्या हत्याराची घडण कशी होती, हा वेगळा प्रश्न. पण जुन्या घडणीच्या बऱ्याच रिव्हॉल्वरमध्ये हॅमरचं (काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याचं) टोक थेट काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडावर, टेकलेलं असतं. हॅमरच्या बाजूने ते फरशीवर आपटलं की चापाला हात न लावताही गोळी सुटू शकते. नव्या घडणीत हॅमर ब्लॉक किंवा ट्रान्सफर बार हा सुरक्षेचा भाग असतो. आपल्या रिव्हॉल्वरमध्ये तो आहे की नाही, हे परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. नसेल तर सहा घरांत पाचच काडतुसं, हॅमरखालचं घर रिकामं. कपाटात ठेवताना तर सहाही रिकामी.

हातातून निसटलं तर पडू द्या. झेलायला गेलात की बोट नेमकं चापावर जातं.

चढवलेला हॅमर अंगठ्याने खाली सोडू नका. घामट अंगठा सटकतो. डीकॉकर (हॅमर सुरक्षित खाली आणणारा खटका) असेल तर तोच वापरा, तोही नळी बादलीकडे ठेवून.

होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) सरकवताना खाली बघा. जॅकेटची नाडी चापात अडकते.

चाप ओढून नुसतं ‘टक’ झालं तर नळी निशाणाकडेच धरून 30 सेकंद थांबा. काडतूस कधी उशिरा पेटतं; घाईत ते बाहेर काढाल आणि ते तुमच्या तोंडासमोर फुटेल.