जुना ट्रॅक्टर 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर नेताय? या चुका टाळा

पोळा जवळ आला की माझ्या दुकानात एक ठरलेलं काम येतं. गोठ्यामागं वर्षानुवर्षं उभा असलेला आजोबांचा ट्रॅक्टर, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकायचा तो, यंदा बैलांच्या मागून गावातून फिरवायचा असतो. 6 व्होल्टची बॅटरी लवकर मिळत नाही, म्हणून कुणीतरी सरळ 12 व्होल्टची ठेवून दिलेली असते. चार दिवस गडी झकास चालतो. पाचव्या दिवशी टोचन लावून माझ्याकडं येतो.

हे ट्रॅक्टर जगावेत असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागातली अशी कितीतरी यंत्रं किलोच्या भावानं जालन्याच्या भट्ट्यांत वितळून गेली. जी उरली आहेत ती निदान चुकीच्या वायरिंगनं जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

आधी इंजिन ओळखा

डिझेल ट्रॅक्टरला कॉइल (बॅटरीच्या करंटवरून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारी गुंडाळी) नसते, प्लगवर ठिणगी पडत नाही. त्यामुळं पुढचं सगळं पेट्रोल किंवा रॉकेलवरच्या इंजिनांसाठी आहे. त्यातही दोन जाती. काही जुन्या फोर्डसन आणि फार्मॉल ट्रॅक्टरांना मॅग्नेटो असतो. मॅग्नेटो स्वतःच्या चुंबकावर ठिणगी तयार करतो, त्याला बॅटरी लागतच नाही. त्याची बारीक वायर दिसते ती इंजिन बंद करण्यासाठी. ती वायर बॅटरीला जोडली की मॅग्नेटोचं चुंबक आणि वाइंडिंग दोन्ही धोक्यात. हँडल मारून इंजिन चालू होतं आणि बॅटरी पूर्ण सोडली तरी ठिणगी पडते, तर तो मॅग्नेटो. त्याला हात लावू नका. बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पडते ती दुसरी जात, कॉइलचं पुढचं सगळं तिच्यासाठी.

12 व्होल्ट खरंच हवेत का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटार) जड फिरतो म्हणून लोक व्होल्टेज वाढवतात, पण दहातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत रोग अर्थिंगचा असतो. हिशेब बघा. 6 व्होल्टचा सेल्फ इंजिन फिरवताना 200 अँपिअर ओढतो असं धरू. अर्थच्या पट्टीखाली गंज आणि काळ्या मातीचा थर साचून वाटेत फक्त 0.01 ओहमचा अडथळा झाला, तरी 2 व्होल्ट तिथंच गेले. सहातले दोन! 12 व्होल्टवर तोच सेल्फ तेवढेच 200 अँपिअर ओढतो असं धरलं, तरी तोच गंज बारातले दोनच व्होल्ट खातो, दहा उरतात. म्हणून 12 व्होल्टवर ट्रॅक्टर ‘सुधारला’ असं वाटतं. गंज जिथल्या तिथंच असतो.

तेव्हा आधी बॅटरीची अर्थ पट्टी सोडा, चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड चमकेपर्यंत काढा, नवीन थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घट्ट करा. इंजिन ते चेसिस अशी दुसरी पट्टीही टाका. आणि 6 व्होल्टवर मोटारसायकलीसारखी बारीक केबल कधीच चालत नाही. एवढं केल्यावर सेल्फ नीट फिरला आणि 6 व्होल्टची बॅटरी मिळत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : मूळ वायरिंग तशीच ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक : जुनी कॉइल तशीच ठेवणं

इथं जरा थांबून वाचा, कारण निम्मे ट्रॅक्टर इथंच अडकतात.

6 व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा (बॅटरीच्या बाजूच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण दीड ओहमच्या आसपास असतो. चालू इंजिनावर 6 व्होल्टच्या ट्रॅक्टरला 7.2 व्होल्ट मिळतात, म्हणजे पॉइंट (उघडझाप करून कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना 4.8 अँपिअर. पॉइंट एवढा करंट वर्षानुवर्षं सोसतात. त्याच कॉइलला 14 व्होल्ट दिले की करंट 9.3 अँपिअर होतो. पॉइंट निळे पडतात, त्यांच्यावर खड्डा आणि टेकडी तयार होते, कॉइल आतून तापून तेल गाळायला लागते. मग लोक पॉइंट बदलतात, कंडेन्सर बदलतात, पुन्हा आठ दिवसांनी तेच. दोष पॉइंटचा नसतोच.

उपाय दोन. एक, दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा अडथळा) कॉइलच्या आधी घालणं. दुसरा आणि माझ्या मते चांगला, तीन ओहमच्या आसपासची, पॉइंटवर चालणारी पूर्ण 12 व्होल्टची कॉइल लावणं. जुन्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीच्या काळातली ही कॉइल अजून मिळते. दोन्ही उपाय एकदम करू नका. तीन ओहमची कॉइल आणि वर दीड ओहमचा रेझिस्टर म्हणजे साडेचार ओहम. सेल्फ मारताना बॅटरी 10 व्होल्टवर उतरली की कॉइलला जेमतेम 2.2 अँपिअर मिळतात. ठिणगी पिवळी, अशक्त, आणि सकाळी इंजिन घेतच नाही.

तिसरी चूक अलीकडं फार बघतो. दुकानदार इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या कारची कॉइल हातात देतो, ‘12 व्होल्टचीच आहे’ म्हणून. तिचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पॉइंटवर ती लावली तर पॉइंट एका दिवसात जातात. म्हणून कॉइलवरच्या लेबलावर विश्वास न ठेवता मल्टिमीटर लावा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी टेकवा. पडद्यावर 0.3 किंवा 0.4 दिसेल, तो मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स. मग कॉइलच्या दोन्ही बोल्टांवर मोजा आणि तो आकडा वजा करा. इतक्या लहान मापात एवढ्यानंही निर्णय बदलतो.

रेझिस्टर लावलाच तर तो चिनी मातीचा, गाडीसाठीच बनवलेला घ्या. इंजिन बंद आणि चावी चालू राहिली, पॉइंट मिटलेले असले, तर त्यात 25 वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बॉनेटखाली आधीच भट्टी असते. पेट्रोलच्या नळीपासून लांब, पत्र्यावर, वारा लागेल असा बसवा.

अर्थ कोणत्या बाजूला आहे ते न बघणं

त्या काळचे बरेच ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थचे होते. म्हणजे बॅटरीचा जाड खुंटा, तो प्लसचा, चेसिसला. 12 व्होल्टवर जाताना डायनामोच्या जागी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नवं यंत्र) लावायचा तर निगेटिव्ह अर्थ करावा लागतो. बॅटरी जुन्या सवयीनं उलटी जोडली की अल्टरनेटरचे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) क्षणात जातात. आवाज नाही, धूर नाही, फक्त चार्जिंग बंद.

अर्थ बदलला की कॉइलच्या वायरीही बदलायच्या. डिस्ट्रिब्युटरकडं (पॉइंट ज्यात असतात आणि प्लगना ठिणगी वाटतो त्या भागाकडं) जाणारी वायर आता कॉइलच्या मायनसला आली पाहिजे. उलटी राहिली तरी इंजिन चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण प्लगला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि लोडवर नांगर जमिनीत गेला की मिसिंग सुरू होते. तपासायची जुनी रीत अजून चालते. प्लगची कॅप थोडी वर धरा आणि फटीत पेन्सिलचं टोक घाला. वायर सुक्या फडक्यात गुंडाळून, इन्सुलेशनवालं पकड वापरूनच धरा, झटका जोरात बसतो. ठिणगीचा पिसारा पेन्सिलच्या शिशापासून प्लगच्या बाजूला फुलला तर जोडणी बरोबर. वायरीकडं फुलला तर कॉइलच्या दोन्ही वायरी आदलाबदल करा. अंधाऱ्या शेडमध्ये हा पिसारा अगदी स्पष्ट दिसतो.

अ‍ॅमीटरच्याही दोन वायरी फिरवा, नाहीतर चार्ज होत असताना काटा डिस्चार्ज दाखवत राहील.

डायनामो तसाच सोडणं

6 व्होल्टचा डायनामो 12 व्होल्टची बॅटरी भरू शकत नाही. वरून 6 व्होल्टचा कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) लवकर मिटतो, बॅटरीचा करंट उलटा डायनामोकडं येतो आणि कटआउटचे पॉइंट टकटक करत जळतात. डायनामो काढा, 30-35 अँपिअरचा साधा अल्टरनेटर लावा. पट्टा सरळ रेषेत येतोय का ते पट्टी धरून बघा.

आता एक अनुभव. गेल्या वर्षी एक तरुण ट्रॅक्टर चालू ठेवूनच दारात आला. म्हणाला, “मामा, चावी काढली तरी बंदच होईना झालंय.” मी एअर क्लीनरचं तोंड फडक्यानं दाबून इंजिन बंद केलं. अल्टरनेटरच्या इंडिकेटरची वायर त्यानं सरळ इग्निशनला जोडली होती. चावी बंद झाली तरी अल्टरनेटर त्याच वायरीनं कॉइलला करंट पुरवत होता. मधे चार्जिंगचा लहान दिवा टाकला की प्रश्न मिटतो, कारण दिव्यातून कॉइल पेटेल एवढा करंट जात नाही. दिवा विझला की चार्जिंग सुरू आहे हेही कळतं.

आणखी एक सवय सोडावी लागेल. शेजाऱ्याची बॅटरी लावून इंजिन चालू करायचं आणि बॅटरी काढून घेऊन शेतात जायचं. डायनामोवर हे खपून जायचं. अल्टरनेटरवर चालू इंजिनातून बॅटरी सोडली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात.

बाकीचं

सेल्फ बदलायची गरज नाही. 6 व्होल्टचा सेल्फ 12 व्होल्टवर चालतो, अर्थ बदलला तरी उलटा फिरत नाही. पण तो दुप्पट जोरानं फिरून रिंग गिअरवर आदळतो, म्हणून पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका आणि दोन प्रयत्नांत थोडी विश्रांती द्या. पायाच्या स्विचऐवजी सोलेनॉइड (विजेवर चालणारा सेल्फचा स्विच) असेल तर तो मात्र 12 व्होल्टचा घ्या. सगळे बल्ब बदला. डिझेल-पेट्रोलचा विजेवरचा काटा असेल तर त्याला व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर लागतो. कंडेन्सर चांगला असेल तर तोच राहू द्या, पॉइंट आणि प्लगची गॅपही कंपनीनं दिलेलीच ठेवा.

काम झालं की दोन मापं घ्या. इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग इंजिन बंद करा, पॉइंट मिटतील असं हातानं फिरवा, चावी चालू करा आणि मीटरचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर पॉइंट घासा, डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थची वायर बघा, पुन्हा मोजा. चावी मात्र लगेच बंद करा, कॉइल तापायला वेळ लागत नाही.