क्रोशाची लेस विणताना या चुका टाळा

लेस एका बाजूने तिरकी जायला लागली की नौपाड्यातल्या माझ्या शेजारणी ती घेऊन येतात आणि पहिला दोष दोऱ्याला देतात. दोरा बरोबर असतो. खांब, म्हणजे क्रोशातले उंच टाके, मोजलेले नसतात.

नवी ओळ सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या (साखळीचे टाके) हाच त्या ओळीचा पहिला खांब. पुढचा खांब त्यांच्या मुळाशीच घातला तर एक वाढतो. त्याहून जास्त वेळा उलटं होतं. ओळ संपते तिथे मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्या टाक्यासारख्या दिसत नाहीत, म्हणून वरच्या साखळीत सुई घालायची राहते आणि एक खांब गळतो. २१ खांबांची पट्टी पुढच्या दहा ओळींत ११ खांबांवर येते. त्या वरच्या साखळीत निळ्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, परत येताना तो डोळ्यांत भरतो. चूक सापडली की तिथपर्यंत उसवाच. क्रोशात सुईवर एकच फास असतो, ओढलं की सुटतं. पुढे एखादा खांब जास्त घालून भरपाई केली तर नक्षी सरकते.

कड धनुष्यासारखी वाकते ती पायाची साखळी, म्हणजे पहिली ओळ जिच्यावर विणतो ती, घट्ट झाल्यामुळे. साखळी जरा जाड सुईने घाला, मग नेहमीची सुई घ्या.

नमुना कुठला आहे तेही बघा. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, खांबाहून बुटका टाका. अमेरिकन नमुन्यात तोच शब्द खांबासाठी असतो. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला आणि माझ्या गोल रुमालाची वाटी झाली होती.

टेबलक्लॉथसारखं मोठं काम सलग घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं चालवली. त्या फुलं-पानं सुटी विणत आणि नंतर जाळीने जोडत. चुकलेलं फूल तेवढं बाजूला काढता येतं, आणि लोकलमध्ये बसायला मिळालं तर एक फूल मांडीवर सहज विणून होतं.

ठाण्याच्या पावसात स्टीलची सुई विणकामात अडकवून ठेवू नका. माझ्या पांढऱ्या लेसवर गंजाचा पिवळट डाग पडला, तो धुऊनही गेला नाही. लेस ताणून सुकवायला टाचण्याही न गंजणाऱ्याच घ्या. आणि खळ दिलेली लेस खडखडीत वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके दिसायला लागतात.