गणपती मंदिराजवळ खोली बघताय? संकष्टीला जा
सांगलीत हरभट रोड नायतर गावभागात खोली मिळाली की गाडी लागतच नाय, मंदिर, बाजार, कृष्णेचा घाट सगळं चालत. पण दुपारी खोली बघून डिपॉझिट देऊ नका, तेव्हा सगळंच शांत वाटतं.

१. संकष्टीला संध्याकाळी सातला जा, गाडी लांब लावून चालत, म्हणजे गर्दी नि हॉर्न किती ते तिथंच कळतं.
२. खिडकी लावून पाच मिनिटं नुसतं बसा.
३. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलेलं ते शेजारच्या काकूंना विचारा, घरमालकाला नको, तो पायरीपर्यंतच सांगणार!

तळमजला असेल तर २००५ नि २०२१ च्या पुराचं पण विचारा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं.