ब्रेस्ट इम्प्लांटनंतरचे पहिले तीन महिने: दुखणं कसं ओळखावं, हालचाल कशी वाढवावी

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी मी वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढला. जेमतेम तीन किलोचा. त्या दिवशी सकाळपासून एकही गोळी घेतली नव्हती, दुखत काहीच नव्हतं, म्हणून हात आपसूक वर गेला. रात्री उजवी बाजू डावीपेक्षा फुगलेली दिसली आणि माझी झोपच उडाली. सकाळी सर्जनना दाखवलं. साधी सूज होती, चार दिवसांत उतरली. पण तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आता प्रत्येक मैत्रिणीला सांगते: दुखणं दहा-बारा दिवसांत ओसरतं, आतली जखम सांधायला किमान सहा आठवडे लागतात. बायका स्वतःला इजा करून घेतात ती याच मधल्या काळात.

१. इम्प्लांट कुठे बसवणार, ते आधी विचारा

इम्प्लांट स्नायूच्या वर बसवला तर दुखणं तुलनेने कमी असतं. स्नायूखाली बसवला तर पहिला आठवडा छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं. हा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, कॉलरबोन आणि छातीच्या मधल्या हाडापासून निघून थेट दंडाच्या हाडाला चिकटतो. असतो छातीवर, पण कामं सगळी हाताची करतो: ढकलणं, ओढून जवळ घेणं, वजन पेलणं. कणीक मळताना तळहाताने दाब देतो तो याच्याच जोरावर. म्हणून जिमला जात नसलात तरी या स्नायूला रोज व्यायाम होतच असतो, आणि तोच आता थांबवायचा आहे.

२. ऑपरेशनच्या आधी घर कमरेच्या उंचीवर आणा

चहा-साखर, औषधं, टॉवेल, चार्जर, रोजची भांडी असं सगळं ओट्यावर किंवा टेबलावर काढून ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे बाजूला सारा, पुढून बटणांचे गाऊन आणि शर्ट काढा. डब्यांची झाकणं सैल लावा. घट्ट झाकण उघडताना छाती किती आवळते, हे निरोगी असताना एकदा करून बघा म्हणजे लक्षात येईल.

आणि घरात काय सांगायचं तेही ठरवा. हे ऑपरेशन पुष्कळ जणी सासरी सांगत नाहीत, तो त्यांचा प्रश्न. पण लपवण्याच्या नादात चौथ्या दिवशी बादली उचलण्याची वेळ येते, म्हणून पोटतिडकीने सांगते, एवढं तरी बोला: ‘छातीवर ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला मनाई केलीय.’ यात खोटं काहीच नाही.

३. पलंगावरून उठण्याची तालीम करा

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दुखतं ते उठताना. सवयीने आपण हात टेकून उठतो, आणि सोबतचं माणूस प्रेमाने दोन्ही हात धरून ओढतं. दोन्ही चूक. हाताला धरून ओढलं की सगळा ताण सरळ टाक्यांवर येतो.

त्याऐवजी असं करा. पाठीखाली तीन-चार उशा रचून, वरचं अंग ३० ते ४५ अंश उचललेलं राहील असं झोपा. उठायचं असेल तेव्हा गुडघे दुमडून पाय पलंगाच्या कडेला आणा. मदतनीसाने तुमच्या पाठीमागे, खांद्याच्या फऱ्यांवर सपाट हात ठेवून हळू पुढे लोटायचं. तुमचे हात मांडीवर सैल. जोर पोटाचा आणि पायांचा. घरी दोनदा करून बघितलंत तर रात्री तीन वाजता गोंधळ होत नाही.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की मऊ उशी छातीशी हलकेच धरा. हॉस्पिटलमधून गाडीने घरी येतानाही तीच उशी सीटबेल्टच्या आत ठेवा.

४. दुखण्याची जात ओळखा

सकाळी उठल्यावर आवळल्यासारखं वाटणं नेहमीचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज वाढलेली दिसते, तीही अपेक्षितच. उजव्या हाताने सगळं करणारीची उजवी बाजू जरा जास्त ठणकते. हलताना आत गुळगुळ आवाज आला तर घाबरू नका, आत अडकलेली हवा आणि पाणी काही दिवसांत शरीर शोषून घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वीज चमकल्यासारखी क्षणभराची कळ येते, कारण दुखावलेल्या नसा पुन्हा जाग्या होत असतात. पाठही दुखते, कारण आपण नकळत खांदे पुढे घेऊन वाकून बसतो. त्यासाठी खांदे हळूच गोल फिरवा आणि तासातून दहा खोल श्वास घ्या.

गोळी दुखणं असह्य होईपर्यंत थांबून घेऊ नका, पहिले तीन-चार दिवस ठरलेल्या वेळी घ्या. मात्र पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असतं. सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन सर्जनना विचारल्याशिवाय नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांनी शौचाला कडक होतं आणि कुंथताना छातीवर ताण येतो, म्हणून पाणी, पपई, भिजवलेले मनुके पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

शेक मात्र अजिबात नको. आपल्या घरांत दुखलं की गरम पाण्याची पिशवी आलीच. पण तिथली त्वचा आठवडेच्या आठवडे बधिर असते, भाजलेलं कळत नाही. बर्फाचंही तसंच, थेट लावू नका.

एक बाजू अचानक टणक होऊन फुगली, ताप १०१ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, लाली पसरत चालली किंवा टाक्यांतून पू येऊ लागला, तर सकाळची वाट न बघता सर्जनना फोन करा. पोटरी एका बाजूनेच दुखत किंवा सुजत असेल, धाप लागत असेल, छातीत क्षणभरात न थांबणारी कळ येत असेल तर तडक इमर्जन्सी गाठा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

५. घरकामाचं मोजमाप लिटरमध्ये ठेवा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पहिले दोन आठवडे दोन लिटरच्या भरलेल्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. मग बादली, भरलेला कुकर, सिलिंडर, पिठाची पिशवी हे सगळं आपोआप बाद. नारळ खवणं, कपडे पिळणं, फरशी पुसणं, काठीने उंचावर कपडे वाळत घालणं, लोखंडी कपाटाचं जड दार ओढणं, हे सहा आठवडे दुसऱ्या कुणाचं तरी काम. वरण ढवळणं, भाजी निवडणं, लॅपटॉपवर बसणं आठवड्याभरात जमतं, फक्त कोपर अंगाजवळ ठेवा.

लहान मूल असेल तर हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. दोन वर्षांचं मूल दहा-बारा किलोचं असतं. तुम्ही सोफ्यावर बसा, मधे उशी घ्या आणि त्याला स्वतःहून चढून शेजारी बसू द्या. कडेवर घेणं सहा आठवड्यांनंतर.

गाडी चालवणं साधारण दोन आठवड्यांनी, तेही गुंगीच्या गोळ्या बंद असतील आणि करकचून ब्रेक दाबताना छातीत कळ येत नसेल तरच. स्कूटरला आणखी थांबा, हँडल आणि खड्डे दोन्ही छातीलाच लागतात. लोकलमध्ये वरची कडी धरावी लागेल अशा गर्दीत तर मुळीच शिरू नका.

६. चालण्यापासून सुरुवात करा

पडून राहणं हा आराम नाही. पहिल्याच दिवशी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला. पायातलं रक्त खेळतं राहतं. दुसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर २०-३० मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सर्जननी हो म्हटलं तर, हँडलवर भार न देता जिममधली स्थिर सायकल. धावणं, उड्या, गरबा हे सहा आठवड्यांनी, घट्ट स्पोर्ट्स ब्रा घालून. तारेची ब्राही तोवर नको. पोहणं टाके पूर्ण भरल्यावर. तुमच्या सर्जनच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर तेच पाळा.

कुठल्याही टप्प्याला त्या दिवशीच्या वाटण्यावर जाऊ नका. रात्री सूज किती आणि दुसऱ्या सकाळी ताठरपणा किती, ते बघा. वाढला असेल तर एक पायरी मागे. तीन महिन्यांनीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्केच असते.

सूर्यनमस्काराबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. त्यातल्या पर्वतासनात, अष्टांगनमस्कारात आणि भुजंगासनात शरीराचा भार हातांवर आणि छातीवर येतो, म्हणून ही तीन आसनं सगळ्यात शेवटी. आठव्या आठवड्याच्या आसपास भिंतीला तळहात टेकून हलके दंड घालून बघा. दहा दंड दोन दिवस विनातक्रार जमले की ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर गुडघे टेकून, आणि तेही जमलं की बाराव्या आठवड्यानंतर एक पूर्ण नमस्कार. त्या दिवशी एकच.